विठ्ठलापुढचा रुपया कोणाचा?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आषाढीच्या गर्दीत तासन्‌तास रांगेत उभा राहून एखादा वारकरी विठ्ठलाच्या पायावर डोके ठेवतो आणि कनवटीचा रुपया पुढे ठेवतो. त्याच्या हातून सुटल्यावर तो रुपया कोणाचा? देवाचा, असे आपण पटकन म्हणू. पण देव तो खर्च करीत नाही, हिशेब लिहीत नाही, बँकेत सही करीत नाही. मग देवाच्या वतीने ते कोणी करायचे, आणि त्याने ते चुकीचे केले तर त्याला जाब कोणी विचारायचा? पंढरपुरात या प्रश्नाचे उत्तर शोधायला काही पिढ्या गेल्या. त्याचा शेवटचा मोठा निकाल १५ जानेवारी २०१४ रोजी दिल्लीत, सर्वोच्च न्यायालयात लागला.

मी श्रीपूरला राहतो आणि पंढरपूरच्या न्यायालयात माझी वकिली झाली. तुकोबांची पालखी अकलूजहून माळीनगरचे उभे रिंगण करून आमच्या गावावरून बोरगावच्या मुक्कामाला जाते. त्यामुळे देव, देवस्थान आणि कोर्ट हे तिन्ही विषय आमच्याकडे चहाच्या टपरीवरसुद्धा निघतात. एकदा गावातल्या एका म्हाताऱ्या माळकरी आबांनी मला विचारले, "वकीलसाहेब, पेटीतला पैसा सरकार मुंबईला नेतं म्हणतात, खरं का?" हा गैरसमज फार पसरलेला आहे. पैसा मुंबईला जात नाही. तो मंदिराच्या निधीत जमा होतो आणि कायद्याने सांगितलेल्या कामांवरच खर्च करावा लागतो. पण आबांच्या मनातली खरी शंका वेगळी होती. सरकारने नेमलेली माणसे देवाच्या पैशाची मालक झाली काय, हे त्यांना विचारायचे होते. त्याला एका वाक्यात उत्तर नाही.

कायद्याच्या दृष्टीने हिंदू देवता ही एक व्यक्ती आहे. तिच्या नावावर जमीन असू शकते, दागिने असू शकतात, ती दावा लावू शकते. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १९२५ साली कलकत्त्याच्या मलिक कुटुंबाच्या खटल्यात हे तत्त्व ठळकपणे मांडले. घरातल्या देवाची मूर्ती ही कुटुंबाने वाटून घ्यायची वस्तू नव्हे, तिच्या इच्छेचाही विचार झाला पाहिजे, असा त्या निकालाचा आशय. न्यायालये देवाला अज्ञान मुलाच्या जागी धरतात. आता ज्या देवापुढे पंढरीची सारी वारी लोटांगण घालते त्याला कायद्याने अज्ञान म्हणावे, हे ऐकायला जरा चमत्कारिक वाटते. पण मतलब सरळ आहे. अज्ञानाच्या मालमत्तेला पालक लागतो, आणि पालक हा मालक नसतो.

पंढरपुरात घोटाळा झाला तो नेमका इथे. पालकपणाची हळूहळू मिरास झाली.

विठ्ठलाकडे बडवे आणि सात सेवाधारी: पुजारी, बेणारी, परिचारक, हरिदास, डिंगरे, डांगे आणि दिवटे. रुक्मिणीमातेकडे उत्पात. प्रत्येकाचे काम ठरलेले होते. कोणी पूजा सांगायची, कोणी स्नानाचे पाणी आणायचे, कोणी मशाल धरायची, कोणी कीर्तन करायचे. ही घरे पिढ्यान्‌पिढ्या सेवेत होती, आणि संकटाच्या काळात बडव्यांनी मूर्ती हलवून, लपवून वाचवली असे परंपरा सांगते. हे विसरून बोलणे न्यायाचे होणार नाही. मराठी राजकारणात 'विठ्ठल आणि बडवे' ही उपमा इतकी रुळली, की २००५ साली राज ठाकरे शिवसेनेतून बाहेर पडले तेव्हा त्यांनीही तीच वापरली. एका समाजाचे आडनाव असे शिवीसारखे वापरले जावे, हे मला कधीच पटले नाही.

पण व्यवस्था बिघडली होती, हेही तितकेच खरे. सेवेचा हक्क वारसाने मिळू लागला. वारस वाढले तसे हक्काचे हिस्से पडले आणि हिस्सेदारांत तंटे झाले. बडवे आणि सेवाधारी यांच्यातली भांडणे इंग्रजी अमलात कोर्टाच्या पायऱ्या चढली, आणि कोर्टाने त्यांच्याकडे शेतीच्या वाटणीसारखे, हक्काची मालमत्ता म्हणून पाहिले. देवापुढे येणाऱ्या उत्पन्नाचा बडव्यांमध्ये लिलाव होई. ज्याने बोली जिंकली त्याला लावलेली रक्कम वसूल करायची असे, आणि ती वसूल व्हायची ती समोर उभ्या असलेल्या भाविकाकडूनच. यात माणसाच्या स्वभावापेक्षा व्यवस्थेचा दोष मोठा आहे. बोली लावून बसलेला माणूस दर्शनाला आलेल्या गरीब बाईला सुखाने डोके टेकवू देईल, ही अपेक्षाच चुकीची.

मंदिर कोणाचे, या प्रश्नाला दुसरे आणि अधिक जिव्हारी लागणारे अंग होते. आत कोण जाणार? चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे. म्हणजे पायरीपर्यंत. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण केले आणि मंदिर हरिजनांना खुले झाले. त्याच वर्षी मुंबई प्रांताचा मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला. वकील म्हणून मला या घटनेतली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. एवढ्या मोठ्या सार्वजनिक मंदिराचे दार कोणासाठी उघडायचे, यासाठी वंशपरंपरेने हक्क सांगणाऱ्या घरांचे मन वळवावे लागले, आणि त्यासाठी एका माणसाला प्राण पणाला लावावे लागले. ज्याच्या हाती व्यवस्थापन, त्याच्या हाती दार.

स्वातंत्र्यानंतर १९५० साली मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा आला. आता त्याच्या नावात मुंबईच्या जागी महाराष्ट्र आहे. गावोगावच्या देवस्थानांना हाच कायदा लागू असतो. नोंदणी करा, हिशेब तपासून घ्या, विश्वस्त बदलले की बदल अर्ज द्या, देवाची जमीन विकायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्या. विश्वस्ताच्या हयगयीने नुकसान झाले तर ते त्याच्या खिशातून भरून घेण्याचीही तरतूद आहे. ही गोष्ट गावच्या विश्वस्तांना सांगितली की पुष्कळांचे चेहरे उतरतात. विश्वस्त होणे म्हणजे फेटा बांधून पहिल्या रांगेत बसणे, एवढीच त्यांची समजूत असते.

या कायद्याला लगेच आव्हान मिळाले आणि १९५४ साली रतिलाल गांधी विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा बराचसा भाग उचलून धरला, काही भाग रद्द केला. धर्मादाय आयुक्ताने स्वतःच धर्मसंस्थेचा विश्वस्त होऊन बसणे न्यायालयाला मान्य झाले नाही. देखरेख करा, पण यजमान होऊ नका, असा त्याचा सोपा अर्थ. पैशाअडक्याचा कारभार हा ऐहिक विषय, त्यावर सरकार नियम करू शकते. पूजा कशी करायची, हा धर्माचा विषय, त्यात हात घालायचा नाही. त्या वर्षीच्या शिरूर मठाच्या निकालातही हीच रेघ आहे, आणि पुढचे सगळे खटले तिच्या अलीकडे-पलीकडे लढले गेले.

पंढरपूरची अडचण अशी, की नोंदणी आणि हिशेबतपासणीने वंशपरंपरेचा हक्क जात नव्हता. विश्वस्ताला चुकीबद्दल दूर करता येते. जन्माने मिळालेला हक्क कोणत्या अर्जाने काढायचा? तक्रारी वाढल्या तेव्हा राज्य सरकारने १९६८ साली बी. डी. नाडकर्णी यांचा चौकशी आयोग नेमला. आयोगाचा अहवाल १९७० मध्ये आला आणि वंशपरंपरेचे हक्क रद्द करावेत असा त्याचा कौल होता. दोन वर्षांनी, १९७२ मध्ये, तामिळनाडूच्या शेषम्माळ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की पुजारी नेमणे हे ऐहिक काम आहे. नेमलेल्या पुजाऱ्याने पूजा मात्र शास्त्राप्रमाणेच केली पाहिजे. महाराष्ट्राला हवा होता तो आधार मिळाला. पंढरपूर मंदिरे अधिनियम १९७३ साली मंजूर झाला.

या कायद्याने दोन कामे केली. बडवे, उत्पात आणि सेवाधारी यांचे वंशपरंपरेचे हक्क संपवून ते संपादित केले. आणि मंदिरांचा कारभार पाहायला राज्य सरकारने नेमायची एक समिती निर्माण केली. कायदा झाला, पण कोर्टकज्जे सुरू झाले. समितीच्या हाती कारभार यायला १९८५ साल उजाडले आणि तरीही गाभाऱ्यातल्या पूजेच्या आणि उत्पन्नाच्या हक्कांचा वाद चालूच राहिला. चाळीस वर्षे! ज्यांनी दावे लावले त्यांतले कितीतरी जण निकाल पाहायला उरले नाहीत. २०१४ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने बडवे आणि उत्पात यांचा दावा फेटाळला आणि कायद्यातला शब्द गाभाऱ्यापर्यंत पोहोचला. त्याच वर्षी समितीने पूजाविधीसाठी सर्व जातींतून आणि स्त्रियांतूनही अर्ज मागवले. १९४७ मध्ये दार उघडले होते, १९७३ चा कायदा झाला, आणि देवाला स्नान घालणारा हात कोणाचा असावा हा प्रश्न २०१४ मध्ये मोकळा झाला. कायद्याच्या पुस्तकातली एक ओळ प्रत्यक्षात यायला किती वेळ लागतो, ते यावरून कळते.

आता आबांच्या शंकेकडे वळतो. कायद्याने जन्मलेली समिती म्हणजे नेमके काय?

आमच्या श्रीपूरचेच उदाहरण घ्या. इथे चंद्रशेखर आगाशे यांच्या बृहन्‌महाराष्ट्र शुगर सिंडिकेटने १९३० च्या दशकात साखर कारखाना उभारला. ती कंपनी. भागधारक तिचे मालक. पुढे इथे सहकारी कारखाना आला, त्याचे नावच पांडुरंग सहकारी साखर कारखाना. त्याचे मालक ऊस उत्पादक सभासद. ते मत देतात, संचालक निवडतात, वार्षिक सभेत आरडाओरडा करतात. कंपनी असो वा सहकारी संस्था, काही माणसे एकत्र आली म्हणून ती जन्मली आणि ती माणसे ठरवतील तर ती मोडूही शकते. पंढरपुरातल्या पांडुरंगाची गोष्ट वेगळी. तिथे कोणाचा शेअर नाही, सभासद नाहीत, लाभांश नाही. समितीला विधिमंडळाने जन्म दिला. तिला स्वतःचे नाव आहे, अखंड अस्तित्व आहे, ती करार करते, दावा लावते, तिच्यावर दावा लावता येतो. सदस्य बदलले, अध्यक्ष बदलला, तरी ती तीच राहते. पण तिच्या अंगात जेवढे बळ आहे तेवढे सगळे कायद्याच्या कलमांतून आलेले आहे. कायद्याने सांगितले नाही ते तिला करता येत नाही, मग हेतू कितीही चांगला असो. साधा भक्त आपल्या खिशातून कोणालाही दान देऊ शकतो. समितीला देवाच्या पेटीतून देताना कलम शोधावे लागते. भाविकांनी वाहिलेले सोन्याचांदीचे बारीकसारीक दागिने वितळवायचे ठरले, तरी शासनाच्या विधी व न्याय विभागाकडे परवानगीसाठी जावे लागले, ते यामुळेच.

असे कायदे महाराष्ट्रात आणखीही झाले. प्रभादेवीच्या सिद्धिविनायकासाठी १९८० साली, शिर्डीच्या साईबाबा संस्थानासाठी २००४ साली. महाराष्ट्राबाहेर वैष्णोदेवीसाठी १९८८ साली. प्रत्येक ठिकाणी तोच सौदा आहे. सरकार जुन्या हक्कदारांना किंवा विश्वस्तांना बाजूला करते, नव्या मंडळाला मोठे अधिकार देते आणि त्या बदल्यात जबाबदारीची साखळी बांधते.

अधिकारांविषयी सगळे बोलतात. जबाबदारीची साखळी मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. समितीच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयात रिट अर्ज करण्याचा रस्ता असतो. खासगी विश्वस्तांविरुद्ध तो सहसा मिळत नाही. समितीचे लेखापरीक्षण होते आणि ते लपून राहत नाही. २०२३ च्या अखेरीस प्रसादाच्या लाडवांबद्दल लेखापरीक्षकांनी मारलेले ताशेरे वर्तमानपत्रांत झळकले. देवाच्या लाडवाचा दर्जा लेखापरीक्षणात यावा याचे काहींना हसू आले. मला समाधान वाटले. लिलावाच्या काळात लाडू कसा आहे हे लिहून ठेवणारा कोणी नव्हता.

सर्वांत कठीण जबाबदारी माणसांच्या जिवाची. २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळच्या मांढरदेवीला काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली आणि अडीचशेहून अधिक माणसे गेली. न्यायमूर्ती राजन कोचर यांचा आयोग बसला. तिथले देवस्थान अशा खास कायद्याखालचे नव्हते, पण प्रश्न सगळ्यांनाच लागू होता. अरुंद वाट, तेलकट पायऱ्या, दाटीवाटीची दुकाने यांची जबाबदारी देवस्थानाची, की पोलिसांची, की जिल्हा प्रशासनाची? पंढरपुरात मंदिर समितीचे, शहर नगरपरिषदेचे, बंदोबस्त पोलिसांचा आणि वारीची एकंदर व्यवस्था जिल्हाधिकाऱ्यांकडे. वारकऱ्याला या हद्दी दिसत नाहीत. त्याला दिसते ती एकच पंढरी. दुर्घटना झाली की मात्र प्रत्येक कार्यालय आपापला नकाशा काढते. कोर्टात मी हे नकाशे फार पाहिले. माझे मत असे, की ज्याच्या नावाने गर्दी जमते आणि जो तिच्याकडून दान घेतो, त्याला रांगेतल्या माणसाच्या सुरक्षेतून अंग काढून घेता येऊ नये.

या व्यवस्थेवर आक्षेप नाहीत असे नाही, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखेही नाहीत. समितीवर कोण बसणार हे सरकार ठरवते. २०१७ साली नवी समिती नेमली गेली तेव्हा राजकीय माणसांची वर्णी लागली आणि वारकऱ्यांना डावलले, अशी ओरड वारकरी मंडळींनी केली. जन्माने मिळणारी जागा गेली आणि पक्षाने मिळणारी आली, तर भाविकाच्या पदरात काय पडले? दुसरा आक्षेप घटनेचा. पंढरपूरच्या निकालाच्या अवघे नऊ दिवस आधी, ६ जानेवारी २०१४ रोजी, त्याच सर्वोच्च न्यायालयाने चिदंबरमच्या नटराज मंदिराबाबत उलट दिशेचा वाटावा असा निकाल दिला होता. गैरकारभार दुरुस्त करायला सरकारने मंदिर हाती घ्यावे, पण कायमचे ठेवून घेऊ नये, असे तिथे म्हटले गेले. मग पंढरपूर कायमचे का? मी या दोन निकालांची सांगड अशी घालतो. चिदंबरमचे दीक्षितर हा स्वतंत्र धर्मसंप्रदाय मानला गेला आणि आपल्या संस्थेचा कारभार पाहण्याचा घटनादत्त हक्क त्याला आहे. बडवे-उत्पात हा संप्रदाय नव्हे, ती सेवेची घराणी. पंढरपूरला संप्रदाय कोणता म्हणाल तर तो वारकऱ्यांचा, आणि त्यांच्या हाती मंदिराचा कारभार कधीच नव्हता. ही सांगड सर्वांना पटेल असे नाही. सुब्रमण्यम स्वामी यांनी २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका करून १९७३ च्या कायद्यालाच आव्हान दिले.

माझे स्वतःचे म्हणणे विचाराल, तर हक्क रद्द झाले ते योग्यच झाले. पण कायद्याचा अर्धा भाग वापरात आला, अर्धा पुस्तकात पडून आहे. समितीवर नेमलेला माणूस हा मानकरी नसून पालक आहे, ही समज अजून रुजलेली नाही. आणि भाविकालाही आपला अधिकार ठाऊक नाही. २०१४ नंतर गाभाऱ्यातली व्यवस्था बदलली, पण रांगेतल्या माणसाने हिशेब मागितला असे क्वचितच ऐकू येते.

आबांना मी शेवटी एवढेच सांगितले होते. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात, राज्य विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेली प्रत्येक संस्था सार्वजनिक प्राधिकरण ठरते. म्हणजे मंदिर समितीसुद्धा. किती देणगी आली, कशावर खर्च झाली, कोणते कंत्राट कोणत्या दराने दिले, हे कोणीही नागरिक विचारू शकतो. कारण सांगावे लागत नाही. साध्या कागदावर अर्ज लिहायचा, जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावाने, आणि त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. आबा म्हणाले, "देवाच्या हिशेबाला इस्टांप?" आणि मग जरा थांबून म्हणाले, "लिहून द्या."